अजनीचा ए, फुटाळ्याचा एफ

दुपारी अडीचला कूलरचं पाणी संपतं
आणि सक्करदऱ्याच्या आमच्या लॅबमध्ये
रक्तातल्या पेशी मोजणारं यंत्र
नवं सॉफ्टवेअर मागत अडून बसतं.

फाइल उतरली. खाली कंपनीची बारीक सूचना:
उघडण्याआधी ठसा पडताळून घ्या.
चौसष्ट अक्षरांचा ठसा,
बोटाचा नाही, फाइलचा.

पडताळणीचं पान नव्या ब्राउझरमध्ये उघडलं
तर बटणाच्या जागी नुसतं पांढरं.
जुन्यात उघडलं, तर बटण आहे, दाबलं जात नाही.
तिसऱ्यात एक चाक फिरत राहिलं,
रसवंतीवाला ऊस न घालता चरक फिरवतो तसं,
गिऱ्हाइकाला नुसतं ऐकवायला.

मग हेमराज लांजेवारला फोन. कंपनीचा माणूस,
पण आज कामठीला, साळ्याच्या हळदीत.
"त्या पानाच्या भरवशावर काऊन बसता ताई?
खरा ठसा माझ्याजवळ आहे. मी वाचतो,
तुम्ही लिहा. मग मशीनचा काढून जुळवा."

"चार, सात, बी..."
"डी?"
"बी, बी."
"डीच म्हणून राहिले ना तुम्ही?"
मागे बँडवाल्यांनी ताशा धरला होता.
"बुटीबोरीचा बी हो!"
"असं सांगा न मग."

तिथून शहर सुरू झालं.
अजनीचा ए, चितार ओळीचा सी,
धंतोलीचा डी, फुटाळ्याचा एफ.
ई म्हणजे इतवारी,
स्पेलिंग चुकतं, चालू द्या म्हणाला.
एफच्या पुढे वस्ती नाही.
शून्यापासून नऊपर्यंत आकडे आणि सहा मुक्काम,
एवढ्यात जगातल्या सगळ्या फायली मावतात म्हणे.
गोकुळपेठ त्यात कधी येत नाही,
मी राहते तो मानेवाडाही नाही.

नऊ, अजनी, अजनी, शून्य, फुटाळा.
अजनीहून फुटाळा एका दमात,
जे कुठला ऑटोवाला मीटरवर करणार नाही.
सीबीसीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर
मी चौसष्ट घरं भरली.

मशीनने आपला ठसा काढायला चार मिनिटं घेतली.
पहिलंच अक्षर जुळलं नाही. दुसरंही नाही.
एकोणिसावं जुळलं, ते आपलं योगायोगाने,
बसमध्ये दोघांच्या छत्र्या सारख्या निघाव्यात तसं.

"फाइल खोटी आहे का हेमराज?"
तो थोडा वेळ काही बोलला नाही. ताशाच बोलत होता.
मग, "कोणत्या ब्राउझरने उतरवली?"
"जुन्या. मागच्या खोलीतल्या."
"मग तसंच. तो लई मायाळू आहे ताई.
गठडी बांधून पाठवली का
रस्त्यातच सोडून ठेवते, तुमचा त्रास वाचवायला."

मला आमचा गुलाब आठवला.
पहिल्याच आठवड्यात त्याने कुरियरच्या डब्याचं
सील काढून नमुने ओळीने मांडून ठेवले होते,
नावं वर करून, पुसून, सुंदर.
बारा नमुने फेकले आम्ही.
रक्त तेच होतं, माणसं तीच,
एका थेंबाचा फरक नसेल कदाचित.
पण सील उघडं, म्हणजे माहीत नाही.
आणि माहीत नाही, हे रिपोर्टवर छापता येत नाही.
गुलाब दोन दिवस जेवला नाही.

नव्या ब्राउझरने पुन्हा उतरवली.
ज्याला बटण दाखवता येत नव्हतं, त्याने
गठडी न सोडता हातात आणून दिली.
फोन ठेवला होता. एकटीच निघाले,
फॉर्मवर बोट ठेवून, स्क्रीनवर डोळा.
चार, सात, बुटीबोरी.
धंतोली, दोन, दोन, इतवारी.
चाळिसाव्या घराशी वीज जाते की काय वाटलं,
पंखा जरा मंदावला, परत लागला.
बोट उचललं नाही.

बाहेर बाकावर, पदराने वारा घेत
सकाळपासून उपाशी आलेली बाई:
"मॅडम, इतका वेळ काऊन लागून राहिला?"

म्हटलं, फुटाळ्यापर्यंत जाऊन आले.
हात पुढे करा.